बावीस पायऱ्या

ईदला जे झालं त्याला तीन आठवडे उलटले होते, तरी हनीफच्या घरात त्याचा विषय निघाला की कुणीतरी भरल्या ताटावरून उठत होतं. शफीनाने हात टेकले होते. तीस वर्षं या घरात सून म्हणून काढल्यावर तिला एवढं नक्की ठाऊक होतं, की ही माणसं भांडली तरी पोटभर जेवून भांडतात. यावेळी अन्नही वाया जात होतं, आणि त्याचा तिला भांडणापेक्षा जास्त राग येत होता.

झालं होतं ते असं. जुनी लाकडी मशीद पाडल्यापासून मोरा ट्रेस गावाची मुस्लिम जमात शाळेच्या शेडमध्ये नमाज पढत होती. पुढे पुरुष, मध्ये प्लायवूडचा आडोसा, मागे बायका. इमामसाहेबांचा आवाज मागे यायचा तो एका जुन्या स्पीकरमधून, आणि तो स्पीकर ईदच्या नमाजेत, बायका सजद्यात असताना बंद पडला. आता उठायचं कधी, हे कुणाला कळेना. आपण आधी डोकं उचललं आणि इमाम अजून सजद्यातच असले तर नमाज गेली, या भीतीने एकतीस बायका कपाळ जमिनीला टेकवून बसून राहिल्या. आवाज येईल, आता येईल, म्हणता म्हणता पाच मिनिटं गेली. शेवटी शफीनाची पाच वर्षांची नात इमान खिडकीवर चढली आणि ओरडली, "नानी, नाना तर बाहेर शेवया खातोय!"

बायका उठल्या. शफीनाची सासू उठली नाही. ऐंशी वर्षांच्या मांचा गुडघा अडकला होता. शफीना आणि तिची मुलगी नदीरा यांनी दोन्ही काखांत हात घालून त्यांना उचललं, तेव्हा प्लायवूडवरून पाच-सहा पुरुष डोकावून हसत होते. त्यात सगळ्यात मोठं हसू हनीफचं होतं. शफीनाचा नवरा, मांचा थोरला मुलगा आणि जमातीचा अध्यक्ष. त्याच्या हातात तेव्हाही शेवयांचा कप होता.

"मी कुणाला हसत नव्हतो. प्रसंगच तसा होता," असं तो नंतर तीन वेळा म्हणाला. तिन्ही वेळा शफीनाने ऐकून घेतलं आणि भांडी जरा जोरात घासली.

हे सगळं बांधकाम चालू असलेल्या नव्या मशिदीत सुटणार होतं. नकाशा नदीरानेच काढला होता. सान फर्नांडो शहरात ती एका बिल्डरच्या ऑफिसात नकाशेच काढायची, आणि हा तिने तीन महिने रात्री जागून फुकट काढला होता. खाली एकच मोठा हॉल, पुढे पुरुष, मागे बायका, मध्ये भिंत नाही. बाजूला रुंद दार आणि दारापर्यंत उतार, म्हणजे म्हातारी माणसं आणि बाळांच्या गाड्या सरळ आत. नमाजेआधी हात-पाय धुवायला, म्हणजे वजूला, बसायची सोय. मांडीवर मूल असलेल्या बायांसाठी काचेची एक खोली. वरचा मजला मुलांच्या मदरशाला.

आणि पंधरा दिवसांपूर्वी हनीफ गाडी चालवता चालवता शफीनाला म्हणाला होता, "कमिटीने नकाशा थोडा बदललाय. बायकांना वरचा मजला. खालचं बाजूचं दार बंद करून भिंत घालतोय. नदीराला इतक्यात बोलू नकोस, मी बघतो."

शफीना बोलली नाही. घरात शांतता राहावी म्हणून. पंधरा दिवस तिने तोंडात मिठाची गुळणी धरली, आणि आता शनिवार उजाडला होता. उद्या काँक्रीटची भिंत भरायची होती.

रविवारी गयाप होतं. मोरा ट्रेसला कुणाचंही मोठं काम निघालं की सगळी जमात हात लावायला येते आणि काम असेल त्याने जेवण घालायचं, ही बोटीने या बेटावर आलेल्या आजोबा-पणजोबांपासूनची रीत. मशिदीचं काम म्हणजे जेवण अध्यक्षाच्या घरचं, म्हणजे शफीनाचं. दुपारी ती पन्नास माणसांच्या बोकडाच्या मटणाला मसाला लावत होती, तेव्हा बाहेरच्या टेबलाभोवती सगळे जमले होते. हनीफ. त्याचा धाकटा भाऊ सदीक, जो चार वर्षं परदेशात शिकून दाढी आणि नियम दोन्ही घेऊन परत आला होता. कूव्हा गावाहून आलेली बहीण जमिला. भिंतीला टेकून खुर्चीत मा. आणि नदीरा, जी उद्याच्या कामाची मापं तपासायला म्हणून आली होती.

तिने कमिटीकडून आलेली नकाशाची गुंडाळी उघडली, एका कोपऱ्यावर कैरीच्या लोणच्याची बरणी ठेवली आणि थांबली.

"डॅडी, बाजूचं दार कुठे गेलं?"

"ते आता कमिटीने..."

"आणि उतार? वजूची बाकं? काचेची खोली?" तिचं बोट नकाशावर फिरत होतं. "इथे चपलांचं कपाट आलंय. माझ्या दाराच्या जागी चपलांचं कपाट?"

"बायकांची सोय वर केलीय, बेटा. ऐसपैस. बाहेरून वेगळा जिना आहे."

"बावीस पायऱ्यांचा! मदरशाच्या पोरांसाठी काढला होता मी तो. दादी चढणार आहे का बावीस पायऱ्या?"

"वर मोठा टीव्ही लावतोय," हनीफ म्हणाला. "इमामसाहेब स्पष्ट दिसतील. ईदसारखं होणार नाही."

"म्हणजे स्पीकर बंद पडला म्हणून आता टीव्ही. आणि वीज गेली की?"

"तू ना, प्रत्येक गोष्टीत खोट काढतेस."

"नकाशे काढते मी, डॅडी. खोट काढायचाच पगार मिळतो मला."

सदीकने घसा साफ केला. शफीनाला हा घसा पाठ होता. यानंतर उपदेश यायचा. "नदीरा, तुझी मेहनत कुणी नाकारत नाहीये. पण बाईची नमाज घरी जास्त चांगली, असं सांगितलंय. आपण तरी वर जागा देतोय."

"आणि बायांना मशिदीपासून अडवू नका, असंही सांगितलंय ना, चाचा? ते पान तुमच्या पुस्तकात नव्हतं?"

"अडवतंय कोण? जिना आहे ना."

"हेच तर! दार बुजवायचं आणि म्हणायचं, अडवतंय कोण!"

"अगं पण मला आवडली बाई वरची खोली," जमिला मध्येच म्हणाली. तिच्या नवऱ्याने वरचे दोन्ही एसी दिले होते, त्यामुळे तिला आवडणं भाग होतं. पण तेवढंच नव्हतं. "खरं सांगू? मला नाही पुरुषांच्या मागे वाकायला बरं वाटत. वर आपण आपल्या आपल्यात. ओढणी सरकली तरी कुणी बघायला नाही. सगळ्यांना तुझ्यासारखं नसतं वाटत, नदीरा."

"मग तू वर बस ना, फुवा. मी कुठे वरची खोली पाडा म्हणतेय? ज्यांना खाली यायचंय त्यांच्या तोंडावर भिंत कशाला?"

जमिला नकाशावर वाकून काहीतरी शोधत होती. "हनीफ भाई, वरचं बाथरूम कुठंय?"

हनीफनेही वाकून पाहिलं. सदीकनेही पाहिलं.

"खाली आहेत चार," हनीफ म्हणाला.

"आणि वजूचे नळ?"

"तेही खालीच."

"म्हणजे मी चार नातवंडं घेऊन बावीस पायऱ्या चढायच्या, एकाला शू लागली की बावीस उतरायच्या, पुन्हा वजू करायचा, पुन्हा बावीस चढायच्या. तोवर तुमचा जुमा संपून तुम्ही घरी जेवायला बसलेले!" जमिलाने बरणी उचलली आणि नकाशाचा कोपरा आपोआप गुंडाळला गेला. "नऊ बाप्ये बसले होते ना कमिटीत? नवांपैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही की बायका मुततात?"

"जमिला!" सदीक म्हणाला.

"काय जमिला? शास्त्रात नाहीये का ते?"

शफीनाला हसू आलं आणि तिने ते मटणात दाबलं. हनीफचा चेहरा लाल झाला होता. बहीण पलटल्यावर त्याला कुणीतरी आपल्या बाजूचं हवं होतं, म्हणून तो वळला वारलेल्या वडिलांकडे. "बा असता ना, तर हे भांडणच झालं नसतं. बाच्या काळात बायका मशिदीत कुठे येत होत्या?"

मांनी चष्मा काढला.

"मशीद सारवत कोण होतं मग?"

"काय?"

"लाकडाची झाली ती नंतर. आधी मातीची होती. दर गुरुवारी मी आणि माझी जाऊ घरात शेणाने सारवायचो आणि तिथे नुसत्या पांढऱ्या मातीने, मशीद म्हणून. शुक्रवारी त्याच जमिनीवर मागच्या तीन ओळी आमच्या. ना पडदा, ना फळी. इमामांचा खोकलासुद्धा ऐकू यायचा. तू माझ्या मांडीवर असायचास. दोनदा मुतलायस तिथे. तुझ्या बाने स्वतः पुसलं."

नदीरा हसली. इतक्या वेळात पहिल्यांदाच. हनीफ मात्र हसला नाही, आणि शफीनाच्या मनात आलं, प्रसंग याच्यावर आला की याला हसू येत नाही.

"तो काळ वेगळा होता," तो उठत म्हणाला. "कमिटीने ठरवलंय. सकाळी सातला मिक्सर येतोय, चाळीस माणसं येतायत. मी आता त्यांना काय सांगू, आमच्या घरात मतभेद झाले म्हणून? अध्यक्ष आहे मी. ठरलं ते ठरलं."

"बरं," मा म्हणाल्या. "पहिलं घमेलं कोण टाकणार?"

पहिलं घमेलं जमातीतल्या सगळ्यात वयस्कर माणसाने टाकायचं असतं. मागच्या वर्षी मुख्तार चाचा गेल्यापासून तो मान कुणाचा हे सगळ्यांना माहीत होतं, फक्त कुणी बोलत नव्हतं.

"तूच की, मा," हनीफ म्हणाला. त्याचा आवाज एकदम मऊ झाला. "तुझ्याशिवाय कोण?"

"टाकते."

नदीराने आजीकडे असं पाहिलं, की जणू तिनेही साथ सोडली. मग ती स्वयंपाकघरात आली, नळाखाली हात धुतले आणि पाठमोरीच म्हणाली, "मम्मी, तुला माहीत होतं?"

"तो भात बघ गं," शफीना म्हणाली. "करपेल."

भात अजून चढवलाही नव्हता. नदीराने रिकाम्या चुलीकडे बघितलं, आईकडे बघितलं, आणि गाडीची किल्ली घेऊन निघून गेली.

रविवारी सातला मिक्सर आला. ऊन आठलाच तापलं. अंगणात तीन चुली पेटल्या होत्या आणि शफीना हातभर लांब पळीने मटण ढवळत होती. बाजूच्या दाराच्या तोंडावर फळ्या ठोकून भिंतीचा साचा तयार होता. नदीरा येणार नाही असं शफीनाला वाटलं होतं, पण ती आली होती, इमानला घेऊन, आणि फाटकाजवळ हाताची घडी घालून उभी होती.

हनीफ मांचा हात धरून त्यांना घेऊन आला. पांढरा सलवार-कमीज, डोक्यावर ईदचीच ओढणी. माणसं बाजूला झाली. सदीक खुर्ची घेऊन धावला. मिक्सर गरगरत होता आणि पहिलं घमेलं भरून तयार होतं.

"आधी मला वर ने," मा म्हणाल्या.

"वर कशाला?"

"नमाज जिथे पढायची ती जागा बघू दे. मग टाकते घमेलं. जागा न बघता पहिलं घमेलं टाकतं का कुणी?"

हनीफने जिन्याकडे पाहिलं. मग चाळीस माणसांकडे. "मा, नंतर बघ ना. काँक्रीट तयार आहे, ते घट्ट व्हायला लागेल."

"मग लवकर ने."

नाही म्हणायला जागा नव्हती. जमातीच्या अध्यक्षाने चारचौघांत स्वतःच्या आईला, तुला नमाजेची जागा दाखवत नाही, असं म्हणायचं? पहिल्या दोन पायऱ्या मा स्वतः चढल्या. तिसरीवर गुडघा वळेना. हनीफ पाठमोरा बसला आणि म्हणाला, "ये, पाठीवर ये."

मा काही जड नव्हत्या. पण हनीफ एकोणसाठ वर्षांचा होता, त्याला शुगर होती, आणि जिन्याला अजून कठडा नव्हता. चौथी, पाचवी, सहावी. सातवीवर त्याने भिंतीला हात टेकला. खाली मिक्सरवाल्याने यंत्र बंद केलं, कशाने कुणास ठाऊक, आणि मग हनीफचा धापा टाकण्याचा आवाज सगळ्यांना ऐकू यायला लागला. सदीक आणि आणखी दोघं जिन्याकडे धावले.

शफीनाला पुढे सांगता आलं नसतं की ती चुलीपासून जिन्यापर्यंत कशी पोचली. पळी हातातच होती, आणि तिच्यातून रस्सा गळत होता.

"कुणी हात लावायचा नाही," ती म्हणाली.

"भौजी, काय करतेस? पडतील दोघं!"

"तू दर शुक्रवारी येणार आहेस का उचलायला, सदीक? पाचही वेळा? रमजानमध्ये रोज रात्री तरावीहच्या नमाजेला?" ती बाकीच्यांकडे वळली. "कोण येणार आहे? नाव सांगा, आत्ता लिहून घेते. ज्यांनी ही जागा ठरवली त्यांना एकदा तरी मांना घेऊन चढू द्या."

तीस वर्षांत ती या माणसांसमोर एवढी वाक्यं कधी बोलली नव्हती. तिने पळी जिन्याच्या तोंडाशी आडवी धरली. कुणी पुढे झालं नाही.

वर हनीफ आठव्या पायरीवर होता. नववी. मा त्याच्या कानाशी काहीतरी सांगत होत्या, आणि शांतता इतकी होती की खाली ऐकू आलं. "चढ बेटा. तेराच राहिल्यात. उतरतानाही तूच आहेस."

अकराव्या पायरीवर तो बसला. आईला हळूच शेजारी टेकवून, घामाने निथळत. दोघं तिथेच टेकली, भर उन्हात, सगळ्या जमातीच्या डोळ्यांसमोर. कुणीही हसलं नाही.

"ईदला मी हसलो होतो," तो म्हणाला. कुणाला म्हणाला ते कळलं नाही. शफीनाला कळलं.

"हो," मा म्हणाल्या. "ऐकू आलं होतं. स्पीकर बंद होता, पण तुझं हसू आलं ऐकू."

हनीफने मांच्याच ओढणीच्या टोकाने तोंड पुसलं. मग तो वरूनच ओरडला, आवाज फाटला तरी ओरडला. "दारावरच्या फळ्या काढा!"

"आणि हे?" मिक्सरवाला वैतागून म्हणाला. "हे काँक्रीट काय डोक्यावर ओतू? अर्ध्या तासात दगड होईल."

कमिटीचे नऊच्या नऊ एकमेकांकडे बघायला लागले. तेवढ्यात फाटकाजवळून नदीरा धावत आली. तिने बाह्या सरसावल्या, फळी पायाने उलटी केली आणि टेपचं टोक सदीकच्या हातात दिलं. "चाचा, धरा. दाराच्या उंबऱ्याला लावा. अजून खाली. माप मला तोंडपाठ आहे. या फळ्या इकडे, त्या दोन तिकडे. आत उरलेली लोखंडी जाळी टाका. घाई करा!"

सदीकने टेप धरला. धरताना तो पुटपुटला, "मध्ये पडदा तरी ठेवू."

"पडदा लावा," मा जिन्यावरून म्हणाल्या. त्यांना सगळं ऐकू येत होतं. "पडदा सरकवता येतो. जमिलाला आड बसायचं तर बसेल. मी नाही बसणार."

"मी वरच बसणार," जमिला म्हणाली. "पण आधी बाथरूम काढा."

मांना चौघांनी खुर्चीवरून खाली आणलं. या वेळी शफीनाने अडवलं नाही. पहिलं घमेलं त्यांनी उताराच्या खालच्या टोकाला ओतलं, आणि मग मागोमाग चाळीस माणसांनी. भिंतीसाठी कालवलेलं सगळं काँक्रीट उतारात गेलं, थोडं कमीच पडलं, म्हणून आणखी एक फेरा कालवला. मटण मात्र खाली लागलं. सगळ्यांनी तसंच खाल्लं आणि कुणी एका शब्दाने बोललं नाही.

चारच्या सुमाराला माणसं पांगली. नदीरा उताराच्या कडेला उकिडवी बसून बोटाने पृष्ठभाग तपासत होती. शफीना तिच्यामागे जाऊन उभी राहिली.

"मला माहीत होतं," ती म्हणाली. "पंधरा दिवस."

नदीराने मान वर केली नाही. "काल विचारलं तेव्हा सांगायला काय झालं होतं?"

"भांडण नको होतं मला."

"तू गप्प बसलीस म्हणून दादीला ऐंशीव्या वर्षी जिना चढावा लागला, मम्मी. समजतंय ना तुला?"

शफीनाला समजत होतं. इमान उताराच्या टोकाला पाय उचलून उभी होती आणि आजी ओरडेल की आई, याची वाट बघत होती.

नदीरा उठली. भिंतीजवळ पडलेला पाण्याचा पाइप तिने उचलून आईच्या हातात दिला. "उद्यापासून पाणी मारायचं. रोज सकाळ-संध्याकाळ, सात दिवस. एक वेळ चुकली तरी तडा जाईल. तू मारायचंस. दुसऱ्या कुणाला सांगायचं नाही."

"सात दिवस," शफीना म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला ती मशिदीत पोचली. उतार कोरडा, पांढुरका पडला होता. तिने पाइप धरला आणि नळाकडे जायला वळणार, तेवढ्यात पाइप हातात फुगला आणि पाणी आलं. मागे नळाजवळ कुणीतरी खोकलं. तो खोकला ती तीस वर्षं शेजारच्या उशीवरून ऐकत होती. तिने वळून पाहिलं नाही. पाइपच्या तोंडावर अंगठा दाबला आणि वरच्या टोकापासून पाणी मारायला सुरुवात केली.